सरांचा घसा आणि संघातली शेवटची जागा

राष्ट्रीय संघ जाहीर करायच्या दिवशी सकाळी सर उठले, "चहा" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या खेपेला वंगण न घातलेल्या बिजागरीसारखा एक बारीक आवाज निघाला, पण तोही अर्ध्यावर थांबला. बायको ओट्याशी उभी होती. तिनं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि गॅस बारीक केला.

"गेला ना आवाज?" ती म्हणाली. "परवापासून सांगत होते."

सर म्हणजे बर्फावरच्या हॉकीच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक. शेजारीपाजारी, दुकानदार, घरमालक, सगळेच त्यांना सर म्हणत. देशात हा खेळ खेळणारे थोडे, बर्फाची बंदिस्त मैदानं त्याहून थोडी, आणि खेळाडू सगळे पोटापाण्याचं दुसरं काम सांभाळून खेळणारे. तरी दर वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, अगदी खालच्या गटात का होईना, संघ जायचा आणि तो सरच घेऊन जायचे. त्यांची सारी कारकीर्द आवाजावर उभी होती. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या खेळाडूला ते बुटाची नाडी सुटल्याचं सांगू शकत, आणि तो ती बांधेपर्यंत सांगत राहत. यंदाच्या निवड शिबिरात पन्नासेक जणांना सलग ओरडून झाल्यावर घशानं अखेर हात टेकले होते.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी छोटा आरसा घालून आत पाहिलं. "आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "कुजबुजायचंही नाही. त्यानं जास्तच ताण येतो."

सरांनी खुणेनं विचारलं, आजपासून?

"आत्तापासून. नाहीतर हे असंच राहील कायमचं. तुमच्या घरच्यांना चालणार असेल तर बोला."

सरांनी बायकोकडे पाहिलं. ती विचार करत होती.

बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचं काम करायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे बरं दिसतं की हे?" असं विचारायची तिला सवय, त्यामुळे नुसती मान हलवून उत्तर देणारा नवरा तिला फारसा जड गेला नाही. तिनं फ्रिजवर लावलेली पांढरी पाटी काढून पेनासकट त्यांच्या हातात दिली. "यावर लिहा आणि लोकांना दाखवा. आणि चिडून दाबून लिहू नका, पेनाचं टोक बसतं."

पण पाटीवर लिहिता येईल असं त्या दिवसाचं काम नव्हतं. संघ तसा आदल्या संध्याकाळीच ठरला होता. सर, सहायक प्रशिक्षक आणि संघटनेचे चिटणीस अशा तिघांनी बसून जवळजवळ सगळी नावं तासाभरात पक्की केली होती. खरी घासाघीस झाली ती बचावपटूच्या शेवटच्या एका जागेसाठी. त्या जागेला दोघं होते. एकाला सगळे शिडी म्हणत, कारण तो अंगानं तसाच होता, उंच, काटकुळा आणि कुठेही टेकवून ठेवावा असा. तो बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजायचा आणि दुपारी बर्फावर उतरायचा. दुसरा होता आजोबा.

आजोबा खरं तर चाळिशीच्याही आतला. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा व्यवसाय. पण संघात तो इतकी वर्षं होता की त्याच्यासमोर आलेली पोरं खेळून, लग्नं करून, पोट सुटून घरी बसली होती. सर खेळत होते त्या शेवटच्या हंगामात आजोबा त्यांच्या शेजारी बचावाला उभा राहिला होता. तेव्हापासून सरांनी निवडलेला एकही संघ त्याच्याशिवाय गेला नव्हता. यंदा मात्र शिबिरात त्याच्या दोन पायांमधून चकती, या खेळातला रबरी चेंडूच म्हणा, अशी निघून जात होती, की जणू तिथे कुणी उभंच नाही. पूर्वी हीच चकती तो दुसऱ्याशी बोलता बोलता अडवायचा. सरांनी चार रात्री कूस बदलत काढल्या आणि शेवटी शिडीचं नाव पुढे केलं. सहायकानं "बघा बुवा" एवढंच म्हटलं होतं.

सरांचा एक नियम होता. आपली निवड झाली नाही हे कुणाही खेळाडूला दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. तरुणपणी एकदा त्यांना स्वतःला संघातून वगळलं होतं, आणि ते त्यांना केस कापता कापता न्हाव्यानं सांगितलं होतं. त्या वेळी मान हलवून धड दुःखही करता आलं नव्हतं. म्हणून तेव्हापासून ते प्रत्येकाला बर्फाच्या मैदानालगतच्या, स्केटना धार लावायचं यंत्र ठेवलेल्या खोलीत बोलावत आणि समोरासमोर सांगत.

"आज सगळ्यांना मीच सांगतो, सर," सहायक म्हणाला. "तुम्ही घशाला आराम द्या. आजोबालाही मी—"

सरांनी मानेनं नाही म्हटलं. बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. सहायकानं हात जोडले आणि तो बाकीच्यांच्या मागे लागला. दुपार कलेपर्यंत सगळ्यांचं सांगून झालं. संघात घेतलेले खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत गोळा झाले, न घेतलेले आपापल्या वाटेनं गेले. बाहेरच्या बाकावर दोघेच उरले, एका टोकाला आजोबा आणि दुसऱ्या टोकाला शिडी. जागा एकच आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. ते एकमेकांशी हवामानाबद्दल बोलत होते.

सरांनी आजोबाला आत घेतलं आणि दार लावलं. पाटीवर त्यांनी 'माफ कर' असं लिहिलं. पण पाटीच्या वरच्या कोपऱ्यात 'साबण, बल्ब' ही पुसट अक्षरं अजून दिसत होती. इतक्या वर्षांच्या खेळाचा हिशेब त्यांच्या खाली मांडणं सरांच्या जिवावर आलं. त्यांनी तळहातानं सगळं पुसलं आणि पाटी यंत्रावर ठेवून दिली. मग आजोबाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

इथे सरांच्या चेहऱ्याबद्दल सांगायला हवं. खेळत असताना एकदा चकती तोंडावर बसली होती आणि तेव्हापासून त्यांच्या ओठाचा डावा कोपरा कायमचा वर ओढला गेला होता. त्यामुळे सर दुःखी झाले की हसतायत असं वाटे, आणि खरोखर हसले की कुणाला तरी चावतील असं. एरवी हे कुणाच्या ध्यानात येत नसे, कारण त्यांचा आवाज सुरू असताना चेहऱ्याकडे बघायची कुणाची छाती नव्हती. आता आवाज नव्हता. आजोबा पहिल्यांदाच सरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहत होता, आणि तो चेहरा, डोळ्यांत पाणी आणून, हसत होता.

"जे असेल ते सांगून टाका, सर," आजोबा म्हणाला. "माझी तयारी आहे."

सरांनी आजोबाकडे बोट केलं, मग दाराकडे केलं.

"बाहेर?" आजोबानं विचारलं.

सरांनी मान हलवली.

"म्हणजे मी बाहेर जाणार?"

सरांनी पुन्हा मान हलवली. किती समजूतदार माणूस, त्यांच्या मनात आलं. एका खुणेत कळलं याला.

"यंदाही?"

सरांची मान हलून गेली, आणि मग त्यांचं मन त्या 'ही'वर अडकलं. तोवर आजोबानं डोळे मिटून घेतले होते. मग त्यानं सरांना घट्ट मिठी मारली, डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि "काय बोलू, सर," असं म्हणून तो दार उघडून बाहेर पडला. सर त्या 'ही'चा उलगडा करत उभे राहिले. 'बाहेर' म्हणजे परदेशी, स्पर्धेला, असं आजोबानं धरलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा पलीकडच्या खोलीतून टाळ्या ऐकू येत होत्या. संघानं आजोबाला खांद्यावर उचलून घेतलं होतं.

सर धावत बाहेर आले, तर बाक रिकामा. शिडीनं टाळ्या ऐकल्या होत्या. त्याला वेगळं सांगायची गरज उरली नव्हती.

सहायक मात्र समोरून आला आणि त्यानं सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला. "ऐन वेळी तुमचं मन द्रवणार. काल तुमच्यासमोर माझ्यानं बोलवलं नाही. बरं केलंत."

सरांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"अहो, यात लाजायचं काय? चिटणिसांना मी कळवतो. नावं उद्या दुपारपर्यंत पाठवायचीत, एक बदलायला कितीसा वेळ लागतो?"

सरांनी त्याची बाही धरली. सहायकानं ती हळूच सोडवून घेतली आणि त्यांची पाठ थोपटली. मोठ्या माणसाला हळवं झालेलं आपण पाहिलं, आता फार वेळ पाहत राहू नये, अशा समजुतीनं तो निघून गेला. पाटी आत यंत्रावर राहिली होती. सर ती आणायला गेले, पेन सापडेना, आणि पेन सापडलं तेव्हा त्यांना वाटलं की हे लिहून दाखवायचं तर आधी सहायकाला कळणार आणि मग आजोबाला. म्हणजे न्हाव्याचाच प्रकार. ते नको. आधी निदान शिडीला तरी गाठावं.

शिडीचा फोन बंद होता. बसस्थानक मैदानाच्या समोरच, रस्ता ओलांडला की. सर धापा टाकत पोचले तेव्हा शिडीच्या गावची बस सुरू होऊन थरथरत उभी होती. तो मधल्या एका खिडकीशी बसला होता, हॉकीच्या काठ्यांची लांब पिशवी गुडघ्यांत धरून. सरांनी काच ठोठावली. काच कायमची बसवलेली, वर तेवढी हातभर रुंदीची फट सरकवता यायची. शिडीनं खाली पाहिलं. डोळे पुसले. सरांना पाहून तो दचकून उभा राहिला आणि त्याचं डोकं सामानाच्या फळीवर आपटलं.

सरांनी फोन काढला. थंडीनं बधिर झालेल्या अंगठ्यानं 'तू संघात आहेस' असं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि फोन काचेला लावला. पण लावेपर्यंत फोनचा पडदा काळा झाला होता. शिडीला त्यात स्वतःचा चेहरा दिसला. त्यानं गोंधळून सरांकडे पाहिलं. सर आता त्याच्या छातीकडे बोट करत होते. 'तू, तू,' असं त्यांना म्हणायचं होतं. शिडीनं मान खाली घालून छातीकडे पाहिलं. अंगात शिबिरात वाटलेली, राष्ट्रीय संघाचं बोधचिन्ह असलेली जर्सी होती.

"हां," तो म्हणाला. "सॉरी, सर. घाईत तशीच राहिली अंगावर."

त्यानं उभ्या उभ्या जर्सी काढली आणि वरच्या फटीतून बाहेर ढकलली. आत बनियन होतं. सरांनी कळवळून ती पुन्हा आत कोंबली.

"धुऊन पाठवू का?" शिडीनं विचारलं.

सरांनी दोन्ही हातांनी नाही नाही केलं.

"मग राहू दे, अशीच घ्या," म्हणून शिडीनं ती पुन्हा बाहेर टाकली, आणि बस हलली. सर जर्सी हातात धरून काही पावलं बसच्या बाजूनं धावले. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका बाईंनी शेजारणीला सांगितलेलं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. "पोराच्या अंगावरचा कपडा उतरवून घेतला हो, या थंडीत. आणि वर तोंडातून एक शब्द नाही."

सर घरी आले तेव्हा बायको दुकानातून नुकतीच परतली होती. तिनं त्यांच्या हातातली जर्सी पाहिली, मग चेहरा पाहिला. त्यांचा चेहरा वाचता येणारी जगात ती एकटीच. तिनं खुर्ची पुढे ओढली.

"काहीतरी बिघडलं. थोडं की फार?"

सरांनी हात फाकवले.

"आजोबाचं की शिडीचं?"

सरांनी दोन बोटं दाखवली. तिनं एकेक प्रश्न पुढे ठेवत, मागे घेत, बदलत सगळं काढून घेतलं. वेळ लागला, पण दुकानात म्हातारी माणसं याहून जास्त वेळ घेत.

"म्हणजे जो बाहेर आहे तो समजतोय की आपण आत," ती शेवटी म्हणाली, "आणि जो आत आहे तो बाहेर समजून गावाला गेला."

सरांनी मान हलवली.

"आणि तुम्ही?"

आपण नक्की कुठे आहोत हे सरांना सांगता येईना.

"सहायकाला फोन करते," ती उठत म्हणाली. सरांनी तिचा हात धरला आणि छातीवर बोट ठेवलं. "कळलं. आधी आजोबाला, समोरासमोर. पण बोलणार मीच ना? मग तुमचा नियम राहिला कुठे?"

सरांनी पाटी ओढून लिहिलं, 'बायकोचं तोंड दुसऱ्याचं नाही.' तिनं ते दोनदा वाचलं आणि जाऊन कोट घालून आली.

वाटेत तिनं काय बोलायचं त्याची उजळणी केली. भावोजी, राग मानू नका. भावोजी, हे स्वतः सांगणार होते, पण घसा बसला. भावोजी, जिथे सुरुवात असते तिथे शेवटही... इथे सरांनी मानेनं नाही म्हटलं. ते वाक्य तिनं टाकून दिलं.

आजोबाच्या बायकोला सगळ्या संघानं आपसूकच आजी करून टाकलं होतं. हे तिला कधी आवडलं नव्हतं आणि तिनं ते कधी लपवलंही नव्हतं. दार तिनंच उघडलं. "या," ती म्हणाली, पण त्या 'या'त काही दम नव्हता. घरात आनंदाची खूण कुठे दिसेना. आजोबा बैठकीच्या खोलीत एक पाय स्टुलावर ठेवून बसला होता. त्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. सरांना पाहून त्यानं ती घाईनं उशीमागे सारली, आणि उशी हळूहळू भिजू लागली.

चहा आला. कुणीच कप उचलेना. सरांच्या बायकोनं घसा खाकरला.

"भावोजी, आज निवडीचं जे काही झालं त्याबद्दल यांना सांगायचंय. हे स्वतः सांगणार होते, पण—"

"वहिनी, आधी माझं ऐकता का?" आजोबा मध्येच म्हणाला. "तुमचं ऐकलं तर मग माझ्यानं बोलवणार नाही. आज सरांना बोलता येत नाहीये. असा दिवस मला पुन्हा मिळायचा नाही."

सरांची बायको थांबली. सरांनी मान हलवून तिला बोल, बोल, असं खुणावलं. तिनं ती खूण आजोबासाठी आहे असं धरलं.

"बोला, भावोजी," ती म्हणाली.

"मला जायचं नाही, सर," आजोबा म्हणाला.

उशीतून एक थेंब फरशीवर पडला.

"गुडघा संपलाय. दोन वर्षं झाली. लिफ्टच्या खड्ड्यात शिडीवरून उतरताना मी तिरका उतरतो, खेकड्यासारखा. गेल्या वर्षी तुम्हाला सांगायला आलो होतो. मी 'गुडघा' म्हटलं आणि तुम्ही म्हणालात, कुणाचा गुडघा? माझे दोन्ही गेलेत, मी रडतो का? पुढं अर्धा तास तुमच्याच गुडघ्यांवर बोललात. मी 'बरं, सर' म्हणून परत आलो आणि हिला सांगितलं की जमलं नाही."

"मी त्या दिवशी जेवले नव्हते," आजी म्हणाली.

"यंदा म्हटलं, बोलणं आपल्याला जमायचं नाही, तर निदान वाईट खेळू. शिबिरभर चकती पायांतून सोडली, सर. मुद्दाम. तुम्हाला काय वाटलं, ती माझ्यानं अडत नव्हती? सोडायला जास्त त्रास होत होता. पाय आपोआप मिटायचे, ते उघडे ठेवायला लागायचे." त्यानं पहिल्यांदा कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "आणि एवढं करूनही तुम्ही मला घेतलंत. डोळ्यांत पाणी आणून घेतलंत. मिठीत मला रडू आलं ते आनंदानं नव्हे. पोरांनी खांद्यावर उचललं तेव्हा हाच गुडघा दाराच्या चौकटीवर आपटला."

"मी म्हटलं, आज तरी सांगा," आजी म्हणाली. "हे म्हणाले, सरांचं मन मोडेल."

"मोडलं तर मोडू दे. मी नाही म्हणतोय, सर. माझी जागा शिडीला द्या. तो चांगला आहे. तुम्हाला राग येणारच. हवं तर पाटीवर लिहून शिव्या द्या, मी वाचतो."

सरांना खरोखर राग आला होता. ज्या माणसासाठी आपण चार रात्री तळमळत काढल्या, तो शिबिरभर ठरवून पाय फाकवत होता. ज्याला आपण काळजावर दगड ठेवून वगळलं, तो आपल्याला, राष्ट्रीय संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला, नाही म्हणत होता. आजवर त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं. आणि जी जागा याला दिलीच नव्हती, ती हा उदारपणे दुसऱ्याला देत होता. सरांनी पाटी मांडीवर ओढली आणि दाबून लिहिलं. पेनाचं टोक बसलं. त्यांनी पाटी बायकोपुढे धरली आणि 'वाच' अशी खूण केली.

पाटीवर लिहिलं होतं, 'तुला घेतलंच नव्हतं.'

बायकोनं पाटीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. आजोबा ताठ बसला होता आणि आजीनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आपल्या नवऱ्याचा तिला अभिमान वाटतोय हे लपत नव्हतं.

"हे म्हणतायत," सरांची बायको म्हणाली, "मन मोठं केलंस."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनी पाटीवर बोट आपटलं.

"आणि हे म्हणतायत, दुसरा कुणी असता तर एवढं केलं नसतं." तिनं रुमाल काढून पाटी शांतपणे पुसली. दाबून लिहिलेलं सहज पुसेना, तर वरून जरा थुंकी लावली. "बाकीचं सगळं घरगुती आहे."

आजोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला, लंगडत आला आणि त्यानं सरांना दिवसात दुसऱ्यांदा मिठी मारली. सरांचा चेहरा त्याच्या खांद्यावरून आजीला दिसत होता. त्यांना अतोनात दुःख झालं होतं.

"बघा, किती हसतायत," आजी म्हणाली. तिच्या आवाजात आता ओलावा होता. "उगीच घाबरत होतो आपण. जेवूनच जा, वहिनी. आणि मला आजी म्हटलं तरी चालेल आज."

शिडीच्या घरी फोन आजोबानंच लावला. सर हात पुढे करत होते, पण फोन हातात घेऊन ते करणार काय होते? पलीकडे शिडीची आई होती. पोरगा बसमधून बनियनवर उतरला, आल्यापासून पांघरुणात तोंड घालून पडलाय, असं तिनं सांगितलं. आजोबानं त्याला उठवायला लावलं आणि सावकाश, समजुतीच्या स्वरात बोलला. "ऐक. मी माघार घेतलीय. तू जायचं. नाही, नाही, सरांना मीच समजावलं. ऐकले ते. तू रडू नकोस आधी." मग बराच वेळ तो नुसतं "अरे, पुरे" म्हणत राहिला, कारण पलीकडून आभार थांबत नव्हते. चिटणिसांनाही त्यानंच कळवलं. सहायकाला बातमी चिटणिसांकडून कळली, तेव्हा त्यानं सरांना फोनवर एक लांबलचक संदेश पाठवला. त्याचा मतलब असा होता की सरांच्या दोस्तीलाही सलाम आणि आजोबाच्या त्यागालाही.

घरी परतताना सर पुढे पुढे चालत होते. बायको दोन पावलं मागे होती.

"काय मिळालं असतं सांगून?" तिनं विचारलं. "शिडी आत आला, आजोबा बाहेर गेला. तुम्ही ठरवलं होतं तसंच झालं ना सगळं?"

सरांनी मान हलवली. तसंच झालं होतं. म्हणून तर कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

आठवडा गेला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा आरसा घातला आणि "बोला" म्हणाल्या. सर बोलले, आणि बाहेर बसलेल्या रुग्णांपैकी दोघांनी दाराकडे पाहिलं. पण त्या आठवड्यात जे बोलायचं ते इतरांनी बोलून टाकलं होतं. वर्तमानपत्रात आतल्या पानावर आजोबाचा फोटो आला होता, हातात लिफ्टचा पाना आणि खाली 'तरुणासाठी सोडली हक्काची जागा'. संघटनेनं त्याला शाल नाही पण एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. लिफ्टच्या कंपनीनं त्याला खड्ड्यात उतरायच्या कामातून मोकळं करून ऑफिसात बसवलं. त्याच पानावर खेळाच्या वार्ताहरानं दोन ओळी सरांवरही लिहिल्या होत्या. मुख्य प्रशिक्षक अजून जुन्या मित्रांच्या मोहातून सुटले नाहीत, हे या प्रकारातून दिसलं, असं त्याचं म्हणणं होतं.

संघ निघाला त्या सकाळी मैदानापाशी बस उभी होती. काठ्यांच्या पिशव्या चढवणं चालू होतं. आजोबा आणि आजी निरोप द्यायला आले होते, आणि शिडी आजोबाला एक पिशवीसुद्धा उचलू देत नव्हता इतका त्याच्याभोवती घोटाळत होता. तो वार्ताहर वही घेऊन आला आणि सरळ सरांपुढे उभा राहिला.

"सर, एकच विचारतो. आजोबांनी स्वतःहून नाही म्हटलं नसतं, तर तुम्ही त्यांनाच नेणार होतात ना?"

आजूबाजूचं बोलणं थांबलं. सरांचा आवाज ठणठणीत झाला होता, आदल्या दिवशी त्यांनी तो बर्फावर तासभर तपासून पाहिला होता. खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि रस्त्यापलीकडच्या बसस्थानकापर्यंत ते ऐकू गेलं असतं. त्यांनी आजोबाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता, कौतुक ऐकायची सवय नसलेल्या माणसासारखा. आजी सरांकडे पाहत होती. सरांची बायको कोटाचं बटण लावत होती आणि कुणाकडेच पाहत नव्हती.

"हो," सर म्हणाले.

वार्ताहरानं लिहून घेतलं. "आणि ती चूक झाली असती, असं आता वाटतं?"

सरांनी बसच्या पायरीवर पाय ठेवला.

"वाटतं," ते म्हणाले, आणि बसमध्ये चढले.